समुद्राचा वारा आणि रविवारची सुटी

खानदेशाला समुद्र नाही. वैशाखात जळगाव-धुळ्याचा पारा ४५ अंशांकडे झुकू लागतो, तेव्हा मुंबईस गेलेला आपला माणूस संध्याकाळी हमखास मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर जाऊन बसतो. संघटनेच्या कामासाठी आम्ही काही सोबती तेथे प्रथम गेलो, तेव्हा एकाने दबक्या आवाजात विचारले, "आठे तिकीट कितलं शे?" तिकीट नाही असे कळल्यावर तो ऐसपैस बसला.

हा वारा येतो कोठून? उन्हाने जमीन लवकर तापते, पाणी सावकाश तापते. जमिनीवरची तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि तिच्या जागी समुद्रावरची गार हवा येते. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून वारा उलट दिशेने वाहतो. यात कोणास पैसा मोजावा लागत नाही.

परंतु वारा खाण्यास फुरसत लागते, आणि ती कामगाराला फुकट मिळालेली नाही. मरीन ड्राइव्ह विसाव्या शतकात भराव घालून झाला. गिरगावची चौपाटी त्याच्या आधीची. तरीही सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत गिरणीत राबणाऱ्यास ती जवळ असून दूर होती. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांची सभा भरवून आठवड्याच्या सुटीची मागणी मांडली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्यास ४८ तासांची मर्यादा घालून दिली.

आता आपल्याकडे पाहू. जळगावला मेहरूण तलाव आहे, धुळ्याजवळ नकाण्याचा. तलाव लहान, म्हणून त्याचा वाराही थोडा. पण पाण्याकाठी दोन घटका बसणाऱ्यास तो पुरे होतो. तेथे सावली, बसावयास बाक आणि प्यावयास पाणी हवे. काम उरकून उशिरा येणाऱ्या बायाबापड्यांसाठी दिव्यांचा उजेड हवा. आणि दाराशी तिकिटाची खिडकी नको. पाच जणांच्या कुटुंबाला पाच तिकिटे काढावी लागली, तर रोजंदारीवरचा माणूस दारावरूनच परत फिरेल. मग सुटी मिळवूनही ती घालवावयास त्याला जागा उरणार नाही. म्हणून पाण्याचा काठ सर्वांना मोकळा राहिला पाहिजे, एवढीच मागणी आम्ही या व्यासपीठावरून मांडतो.