सिबेलियस यांच्या हातचे एकच ध्वनिमुद्रण

देशभक्तीचे संगीत म्हटले की आपल्या कानात काय घुमू लागते? शिंगे, ढोल, पावलांचा ताल आणि शेकडो कंठांतून उठलेले गीत. आज ज्या ध्वनिमुद्रणाविषयी आपल्याशी बोलायचे आहे त्यात यातले जवळजवळ काहीच नाही. त्याला शब्द नाहीत. शिंगे, तुताऱ्या नाहीत. तरीही एका लहान देशाने हेच संगीत नभोवाणीवरून साऱ्या जगाला नमस्कार म्हणून पाठवले. तो देश म्हणजे फिनलंड, आणि ते वाजवून घेणारे होते त्याचे थोर संगीतरचनाकार ज्याँ सिबेलियस.

नकाशात युरोपच्या अगदी वरच्या बाजूला फिनलंड सापडेल. अरण्ये, हजारो सरोवरे आणि सरता न सरणारा हिवाळा. १८०९ पर्यंत तेथे स्वीडनची सत्ता होती, नंतर रशियाच्या झारची. ६ डिसेंबर १९१७ रोजी देश स्वतंत्र झाला. पण त्याच्या आधीच तेथील लोकांनी आपले मन गाण्यांतून आणि वाद्यांतून बोलून दाखवायला सुरुवात केली होती.

१८९९ च्या फेब्रुवारीत झार दुसरा निकोलस याने जाहीरनामा काढून फिनलंडच्या स्वायत्ततेवर घाला घातला. वर्तमानपत्रांवरही वरवंटा फिरू लागला. तेव्हा नोव्हेंबरात हेलसिंकीच्या नाटकगृहात देशाच्या इतिहासातील देखावे सादर झाले. निमित्त काय, तर पत्रकारांच्या निवृत्तिवेतनासाठी निधी जमवणे! खरे निमित्त कोणते, ते सर्वांनाच ठाऊक होते. त्या देखाव्यांचे संगीत तेहतीस वर्षांच्या सिबेलियस यांनी रचले होते. शेवटच्या देखाव्याचे नाव होते ‘फिनलंड जागा होतो’. त्याचेच संगीत पुढच्या वर्षी ‘फिनलांदिया’ या नावाने जगभर गेले. झारच्या अमलाखाली काही ठिकाणी मात्र ते भलत्याच निरुपद्रवी नावाखाली वाजवावे लागे.

शिक्षक बंधुभगिनींसाठी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. ‘फिनलांदिया’ हे फिनलंडचे राष्ट्रगीत आहे असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही. राष्ट्रगीत निराळे आहे आणि त्याची चाल जर्मनीत जन्मलेल्या फ्रेडरिक पॅसियस यांची आहे. ‘फिनलांदिया’च्या मधल्या संथ चालीला मुळात शब्दच नव्हते. आज गायकवृंद जे शब्द गातात ते कवी कोस्केन्निएमी यांनी १९४० साली लिहिले. चाल आधी आणि गीत चाळीस वर्षांनी!

आता गंमत पाहा. सिबेलियस एक्याण्णव वर्षे जगले, १८६५ पासून १९५७ पर्यंत. ग्रामोफोनचा सगळा उदय त्यांच्या डोळ्यांदेखत झाला. त्यांच्या रचनांच्या तबकड्या निघाल्या, देशोदेशी विकल्या गेल्या. पण स्वतः सिबेलियस वाद्यवृंदासमोर उभे राहून आपले संगीत वाजवून घेत आहेत, असे ध्वनिमुद्रण एकच उरले आहे. तेही ‘फिनलांदिया’चे नव्हे. ते आहे ‘आंदांते फेस्तीवो’ नावाच्या एका छोट्या रचनेचे. नावाचा अर्थ एवढाच की हे उत्सवाचे संगीत असून चालत्या पावलाच्या संथ लयीत वाजवायचे आहे.

या रचनेचा जन्म राजवाड्यात झाला नाही की देवळात नाही. सॅय्नॅत्सालो येथे लाकूड कापण्याची मोठी गिरणी होती. १९२२ साली तिला पंचवीस वर्षे पूर्ण व्हायची होती. लाकूड हीच त्या अरण्यांच्या देशाची मोठी कमाई. चालकांनी सिबेलियस यांच्याकडे समूहगायनाची एखादी मंगल रचना मागितली. सिबेलियस यांनी दिले ते चार तंतुवाद्यांचे संगीत. मागितले गाणे, मिळाली वाद्ये! पण ऐकताना मला असे वाटते की मागणी त्यांनी आपल्या परीने पुरी केली. व्हायोलिन वर चाल धरतात, बाकीची वाद्ये खालून तिच्याबरोबर पावलाला पाऊल लावून चालतात, जणू चार प्रकारचे आवाज एका मुखाने काही म्हणत आहेत. पुढे १९३८ साली सिबेलियस यांनी हीच रचना मोठ्या तंतुवाद्यवृंदासाठी लिहून काढली आणि अखेरीला टिंपनीची, म्हणजे आपल्या नगाऱ्याच्या जातीच्या वाद्याची, भर घातली.

१९३९ साली न्यूयॉर्कमध्ये जागतिक प्रदर्शन भरायचे होते. त्यानिमित्त फिनलंडचा नमस्कार नभोवाणीवरून जायचा होता. त्यासाठी १ जानेवारी १९३९ रोजी त्र्याहत्तर वर्षांचे सिबेलियस आपल्या देशाच्या नभोवाणी वाद्यवृंदासमोर उभे राहिले. हा वाद्यवृंद १९२७ साली अवघ्या दहा वादकांनिशी सुरू झालेला होता. जाहीरपणे वाद्यवृंद चालवणे सिबेलियस यांनी बरीच वर्षे सोडले होते. गावाबाहेरच्या आपल्या घरी ते राहत आणि रेडिओ मात्र आवडीने ऐकत. अशा माणसाने देशाची ओळख करून द्यायला ‘फिनलांदिया’तली गर्जना निवडली नाही, ही गिरणीच्या उत्सवातली प्रार्थनेसारखी रचना निवडली. मला तर यातच त्यांच्या देशप्रेमाची जात दिसते.

त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सोव्हिएत सैन्याने फिनलंडवर हल्ला केला. हे हिवाळी युद्ध १३ मार्च १९४० पर्यंत चालले. देश स्वतंत्र राहिला, पण कारेलिया प्रांताचा मोठा भाग गेला आणि सुमारे चार लाख माणसांना घरदार सोडावे लागले. कोस्केन्निएमी यांचे शब्द याच काळातले. म्हणून जानेवारीतला तो नमस्कार आज ऐकताना पुढचे सारे आपल्याला ठाऊक असते. वाजवणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते.

इतके मोलाचे मुद्रण, पण त्याच्या वाट्याला उपेक्षा आली; आणि उपेक्षेहून वाईट म्हणजे अदलाबदल. कित्येक वर्षे सिबेलियस यांचे म्हणून जे ऐकवले गेले ते दुसऱ्याच संचालकाच्या हाताखाली वाजलेले होते. जाणत्यांनीही त्यात सिबेलियस यांचा हात ओळखला, वाखाणला! १९९० नंतरच्या दशकात खरे मुद्रण ओळखले गेले आणि प्रसिद्ध झाले. हा नुसता दप्तरातला घोळ नव्हे. कागदावर स्वर लिहिता येतात, लयीची सूचना लिहिता येते. पण एखादा स्वर किती ताणायचा, कोठे श्वास घ्यायचा, हे रचनाकाराच्या हातूनच कळते. खऱ्या मुद्रणात लय फार संथ आहे आणि गज तारेवरून उचलूच नये असा ओढलेला आहे.

हे मुद्रण आपल्या हाती आले तर वेष्टनावर सिबेलियस यांचे नाव आणि १ जानेवारी १९३९ ही तारीख आहे ना, ते आधी पाहा. मात्र जुन्या प्रतींवर नावावर विसंबू नका, १९९० नंतरच्या दशकात सुधारून निघालेली प्रतच घ्या. वर्गात ऐकवणार असाल तर मुलांना सांगा की जुन्या मुद्रणाची खरखर येईल, तिच्याकडे लक्ष देऊ नका. आणि प्रारंभी आवाज बेताचाच ठेवा. नगारा अगदी शेवटी येतो.