रसदनौकेसाठी वीस वर्षे

फेब्रुवारी 2014 च्या अखेरीस ‘प्रोटेक्टर’ ही कॅनडाची रसदनौका हवाईहून एस्क्वायमॉल्टच्या तळाकडे परतत होती. 27 तारखेच्या रात्री तिच्या इंजिनखोलीत आग लागली. जहाजावर जवळपास तीनशे माणसे होती, काही नौसैनिकांचे कुटुंबीयसुद्धा. खलाशांनी तासन्‌तास झुंजून आग विझवली. जीवितहानी झाली नाही, पण भर पॅसिफिकमध्ये जहाज जागेवर थांबले. अखेर अमेरिकी नौकांनी दोर बांधून ते पर्ल हार्बरला ओढत नेले.

‘प्रोटेक्टर’ 1969 सालची. अटलांटिकची बाजू सांभाळणारी तिची बहीण ‘प्रिझर्व्हर’ तिच्याहून वर्षभराने लहान आणि गंजाने पोखरलेली. सप्टेंबर 2014 मध्ये दोघींच्याही निवृत्तीची घोषणा झाली. जगातला सर्वांत लांब समुद्रकिनारा असलेल्या देशाकडे आपल्या युद्धनौकांना भर समुद्रात तेल देणारे एकही जहाज उरले नाही.

हे काम दिसते त्यापेक्षा फार अवघड आहे. दोन जहाजे अगदी थोड्या मीटरांच्या अंतरावर, एकाच वेगाने, समांतर चालत राहतात. मधे ताणलेल्या तारेवरून तेलाची नळी पलीकडे जाते. दारूगोळा, सुटे भाग, अन्नधान्यही असेच पोचते. सुकाणूवरचा हात जरा चुकला तरी टक्कर ठरलेली. पण हे जमले, तर फ्रिगेटला दर काही दिवसांनी बंदर गाठावे लागत नाही. रसदनौका नसेल, तर ताफ्याची धाव इतरांच्या मर्जीवर अवलंबून राहते.

हे संकट अचानक आले नव्हते. नव्या जहाजांची घोषणा 2004 मध्येच झाली होती. 2006 मध्ये सरकार बदलले, तरी योजना टिकली: तीन जहाजे, खरेदीसाठी 2.1 अब्ज कॅनेडियन डॉलर. खरी गोची मागणीतच होती. एकाच जहाजाने तेल द्यायचे, लष्कराची वाहने वाहायची, किनाऱ्यावरच्या मोहिमेचे मुख्यालय व्हायचे, रुग्णालय चालवायचे आणि वर आर्क्टिकच्या बर्फातही शिरायचे. ठरलेल्या पैशांत हे सारे बसणे शक्यच नव्हते. ऑगस्ट 2008 मध्ये सरकारने आलेल्या निविदा फेटाळल्या आणि चार वर्षांची मेहनत वाया गेली.

त्याच वर्षी भारताने इटलीच्या फिनकांतिएरी या जहाजबांधणी कंपनीकडे तेलवाहू रसदनौकेची मागणी नोंदवली, आणि 21 जानेवारी 2011 रोजी ‘आयएनएस दीपक’ मुंबईत नौदलात दाखल झाली. तुलना पूर्ण न्याय्य नाही, कारण कॅनडाला जहाजे आपल्याच गोदीत बांधायची होती. त्या आग्रहात गैर काहीच नव्हते. मात्र मोठी जहाजे बांधण्याची सवय मोडलेल्या गोद्या उभ्या करायला किती वर्षे लागतील, याचा हिशेब जुन्या जहाजांच्या वयाशी कोणी घातला नाही.

2010 मध्ये योजना पुन्हा मांडली गेली, या वेळी दोनच जहाजांची, तिसरे ऐच्छिक. 2011 मध्ये काम व्हँकुव्हरच्या सीस्पॅन गोदीकडे गेले आणि 2013 मध्ये जर्मनीच्या ‘बर्लिन’ वर्गाचा आराखडा निवडला गेला. जर्मन नौदलात रुळलेली ही रचना घेण्याचा निर्णय शहाणपणाचा होता. तो दहा वर्षे आधी व्हायला हवा होता.

मधल्या काळात कॅनडाने चिलीची ‘आल्मिरांते मॉन्त’ आणि स्पेनची ‘पातिन्यो’ या नौका काही आठवड्यांसाठी मागून आणल्या. मग क्यूबेकमधल्या लेव्हीच्या डेव्ही गोदीने ‘अ‍ॅस्टरिक्स’ नावाचे मालवाहू कंटेनर जहाज घेतले आणि दोन वर्षांत त्याची रसदनौका केली. जानेवारी 2018 मध्ये ती भाडेकरारावर सेवेत आली. या कराराबाबतची गोपनीय माहिती फोडल्याचा ठपका ठेवून नौदलाचे माजी प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल मार्क नॉर्मन यांच्यावर विश्वासभंगाचा खटला भरला गेला. मे 2019 मध्ये सरकारी पक्षाने तो मागे घेतला आणि कॅनडाच्या लोकसभागृहाने त्यांची एकमताने माफी मागितली. जहाज वेळेवर आले. त्यासाठी एका अधिकाऱ्याची कारकीर्द मात्र होरपळली.

नव्या जहाजांसाठी पोलाद कापायला जून 2018 मध्ये सुरुवात झाली. 2020 मध्ये संसदेच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्याने दोन जहाजांचा खर्च 4.1 अब्ज डॉलर काढला. त्याच अहवालात ‘अ‍ॅस्टरिक्स’ विकत घेऊन तसेच दुसरे जहाज रूपांतरित करण्याचा खर्च सुमारे 1.4 अब्ज होता. रूपांतरित व्यापारी जहाज युद्धाचे घाव झेलण्यासाठी बांधलेले नसते, हे खरेच. तरीही हा फरक करदात्याला समजावून सांगणे सरकारचे कर्तव्य होते.

13 डिसेंबर 2024 रोजी नॉर्थ व्हँकुव्हरमध्ये पहिल्या नव्या जहाजाचे जलावतरण झाले. नाव तेच, ‘प्रोटेक्टर’. दुसरे ‘प्रिझर्व्हर’ तेव्हा गोदीत आकार घेत होते. 2006 च्या योजनेतल्या तिसऱ्या जहाजाची मागणी नोंदवलीच गेली नव्हती.