किल्ली कुणाच्या कमरेला?

आमच्या बचत गटातली एक ताई पापड-कुरडया करून घर चालवते. २०२० च्या जूनमध्ये तिच्या मुलीची नववीची शाळा मोबाईलवर सुरू झाली आणि घरात होता तो साधा, बटणांचा फोन. नवा घ्यायचा तर पैसे कुठून आणायचे? मला एकदम भाचीच्या फोनची आठवण झाली. भाची न्यू जर्सीला असते. त्याच वर्षी जानेवारीत आली होती तेव्हा, ''मावशी, माझा जुना फोन ठेव, कुणाला तरी उपयोगी पडेल,'' म्हणून देऊन गेली होती.

मी मोठ्या उत्साहाने तो ताईच्या हातात दिला. दुसऱ्याच दिवशी ती परत आली, चेहरा पार उतरलेला. ''वहिनी, माझ्या हातून बिघडला वाटतं हो. कार्ड घातलं तर चालतच नाही. कितीचा असेल? थोडे थोडे करून भरून देईन.''

मला कसंतरीच झालं. चौकातल्या मोबाईलवाल्याकडे गेलो. तो हसून म्हणाला, ''काकू, फोन ठणठणीत आहे. पण लॉक आहे. तिकडच्या कंपनीचंच कार्ड घेणार तो.''

रात्री भाचीला फोन लावला. तिकडे बरेच जण मोबाईल कंपनीकडूनच हप्त्यांवर फोन घेतात. गिऱ्हाईक हप्ते बुडवून दुसरीकडे जाऊ नये म्हणून कंपनी फोनला आतून कुलूप घालते. भाचीचे तीन हप्ते बाकी होते. तिने ते एकदम भरले, कंपनीकडे अर्ज केला, तेव्हा कुठे कुलूप निघालं. तोवर मुलीचे तीन आठवडे मैत्रिणीच्या वह्या उतरवण्यात गेले.

मैत्रिणींनो, हप्ते फिटेपर्यंतचं कुलूप एकवेळ समजू शकतं. पण अमेरिकेत जानेवारी २०१३ पासून कंपनीच्या परवानगीशिवाय नवा फोन अनलॉक करणं हा कॉपीराइट कायद्याचा भंग ठरू लागला. फोन आपला, पैसे आपले, आणि कुलूप काढलं तर दोषी आपणच! लाखाहून जास्त लोकांनी सह्या करून व्हाइट हाऊसकडे दाद मागितली. अखेर १ ऑगस्ट २०१४ ला राष्ट्राध्यक्ष ओबामांनी नव्या कायद्यावर सही केली आणि ग्राहकाला तो हक्क परत मिळाला. कॅनडाने डिसेंबर २०१७ पासून, तर ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून लॉक केलेले फोन विकायलाच बंदी घातली.

आपल्याकडे बहुतेक फोन खुलेच मिळतात. पण अडकवण्याचे प्रकार आपणही पाहिलेत. २००३ च्या सुमारास आलेल्या कितीतरी सीडीएमए फोनमध्ये कार्डच नसायचं. कंपनी बदलायची तर फोनही टाकायचा आणि नंबरही. २०१७ चा जिओफोनसुद्धा त्याच कंपनीच्या नेटवर्कवर चालणारा होता. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर मिळाली ती २० जानेवारी २०११ पासून.

म्हणून थोडी सावधगिरी हवी. जुना किंवा परदेशातून आलेला फोन घेताना आपलं कार्ड दुकानातच घालून, एक फोन लावून पाहा. हप्ते बाकी आहेत का, विचारा. पक्की पावती घ्या. कंपनीची सेवा आवडत नसेल तर 'पोर्ट' लिहून, पुढे आपला नंबर टाकून १९०० वर एसएमएस करा. आलेला कोड घेऊन नव्या कंपनीकडे जा. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

ती मुलगी २०२२ मध्ये दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली. ताई पेढे घेऊन आली होती. पण मला अजून आठवतो तो तिचा त्या दिवशीचा चेहरा. दोष कुलपाचा होता आणि ती स्वतःला बोल लावत होती. आपण बायका हे नेहमीच करतो, नाही का? वस्तू आपल्या नावावर, किल्ली मात्र दुसऱ्याच्या कमरेला, आणि उघडलं नाही की चूक आपली! यापुढे वस्तू घेताना आधी किल्लीची चौकशी करायची. लाजायचं मुळीच नाही.