विद्यापीठाचं रान

एप्रिल उजाडला की ऑक्सफर्डच्या वायव्येला पाचेक किलोमीटरवर असलेल्या वाइटमच्या रानात फेऱ्या सुरू होतात. पायात चिखलाचे बूट, पाठीला पिशवी, हातात नकाशा आणि वही घेतलेली विद्यार्थी मंडळी एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे जातात. झाडांवर क्रमांक घातलेल्या हजाराहून अधिक घरटेपेट्या आहेत. पेटी उघडायची, आत डोकवायचं. शेवाळ आलंय का? घरट्याची वाटी झाली का? अंडी किती? आकडा लिहायचा, पेटी बंद करायची आणि पुढची गाठायची. पिल्लं साधारण पंधरा दिवसांची झाली की त्यांचं वजन करून पायात कडी घालायची.

पेट्यांमध्ये राहणारा मुख्य भाडेकरू म्हणजे ग्रेट टिट हा चिमणीएवढा पक्षी. त्याची राखाडी भावकी आपल्या सह्याद्रीच्या झाडीतही दिसते. वाइटममधली ही मोजदाद डेव्हिड लॅक या पक्षिशास्त्रज्ञाने १९४७ साली सुरू केली आणि ती आजही चालू आहे. या काळात माणसं बदलली, लाकडी पेट्यांच्या जागी शिकारी प्राण्यांना सहज न फोडता येणाऱ्या मजबूत पेट्या आल्या. विचारायचा प्रश्न मात्र तोच राहिला: यंदा पहिलं अंडं कधी घातलं?

हे शक्य झालं ते जमिनीमुळे. सुमारे चारशे हेक्टरांचं हे रान कर्नल रेमंड फेनेल यांनी १९४२ साली आपल्या दिवंगत मुलीच्या, हेझलच्या, आठवणीत ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या स्वाधीन केलं. संशोधनाचं अनुदान तीन-चार वर्षांत संपतं, पीएचडी करणारा विद्यार्थी चार-पाच वर्षांत निघून जातो. ओकचं झाड मात्र दोन-तीनशे वर्षं उभं असतं. झाडाचा काळ आणि माणसाच्या नोकरीचा काळ यांत पडलेलं हे अंतर भरून काढायला असा मालक लागतो, जो जागा विकणार नाही, पेट्या काढणार नाही आणि जुन्या वह्या रद्दीत घालणार नाही. ऑक्सफर्डमध्ये १९३२ साली प्राणिसंख्येच्या अभ्यासाचं केंद्र उभारणाऱ्या चार्ल्स एल्टन यांनी हे फार लवकर ओळखलं. ओंडक्याखाली, पानांत, डबक्यात कोण कुठे राहतं याची नोंद त्यांनी याच रानात वर्षानुवर्षं केली. १९६६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा प्राणिसमूहांवरचा मोठा ग्रंथ त्या नोंदींवरच उभा आहे.

अशा ठिकाणी एकाचा अभ्यास दुसऱ्याच्या कामी कसा येतो, याचं सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे विंटर मॉथ नावाचा पतंग. त्याच्या मादीला उडता येईल असे पंख नसतात. ऐन हिवाळ्यात ती ओकच्या बुंध्यावरून चालत वर चढते आणि शेंड्याकडे अंडी घालते. वसंतात पालवी फुटताना सुरवंट बाहेर येतात, कोवळी पानं खातात आणि मे महिन्याच्या अखेरीस रेशमी धाग्यावरून खाली उतरून मातीत कोष करतात. जॉर्ज व्हार्ली आणि जॉर्ज ग्रॅडवेल यांनी १९५० पासून पाच ओक निवडले. बुंध्यावर सापळे लावून वर चढणाऱ्या माद्या मोजल्या आणि झाडाखाली ट्रे ठेवून खाली पडणारे सुरवंट मोजले. दरवर्षी, त्याच पाच झाडांखाली.

या साध्या मोजणीतून दोन वेगळ्या गोष्टी समोर आल्या. पतंगांची संख्या वर्षागणिक वरखाली होते ती मुख्यतः हिवाळा ते वसंत या काळातल्या नुकसानीमुळे. पालवी फुटायच्या आधीच अंडी उबली, तर सुरवंट उपाशी मरतात. संख्या बेसुमार वाढू न देण्याचं काम मात्र मातीतले भुंगेरे आणि इतर शिकारी करतात. कोष जास्त असतील तेव्हा ते त्यांतला अधिक मोठा वाटा फस्त करतात. पतंगाच्या सुरवंटाच्या अंगात वाढणारी एक परजीवी माशीही या हिशेबात होती. वाइटममध्ये तिचा वाटा अगदी किरकोळ होता. तीच माशी कॅनडात, जिथे हा पतंग परका कीटक म्हणून पोचला होता, तिथे सोडल्यावर तिने त्याला आवर घातला. एका रानातलं उत्तर दुसऱ्या रानात जसंच्या तसं लागू पडत नाही, याचा हा धडा पुढे कीडनियंत्रणाच्या चर्चेत पुन्हा पुन्हा सांगितला गेला.

आणि हेच सुरवंट म्हणजे ग्रेट टिटच्या पिल्लांचं जेवण. एका घरट्यातली पिल्लं दिवसाला शेकडो सुरवंट खातात. त्यामुळे पिल्लांची भूक आणि सुरवंटांचा सुकाळ यांचा मेळ बसावा लागतो. वाइटमच्या नोंदी सांगतात, की १९६१ ते २००७ या काळात इथले पक्षी सुमारे दोन आठवडे लवकर अंडी घालू लागले आणि तापणाऱ्या वसंताशी बरोबरी राखून राहिले. नेदरलँड्समधल्या होगे फेलुवेच्या रानात सुरवंटांचा हंगाम पुढे सरकला, पण याच जातीचे पक्षी तेवढे सरकले नाहीत. हवामानबदलाचा सजीवांवर परिणाम होतो, हे विधान कोणीही करील. तो या रानात किती दिवसांचा आणि त्या रानात किती दिवसांचा, हे सांगायला जुनी वही लागते.

अलीकडे या पक्ष्यांच्या पायात कडीबरोबर बारीक इलेक्ट्रॉनिक चिपही असते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पक्ष्यांना खाऊच्या डबीचं सरकतं दार उघडायला शिकवलं. काहींना डावीकडे सरकवायला, काहींना उजवीकडे. मग त्यांना आपापल्या थव्यात सोडून दिलं. बघता बघता त्या थव्यांतले सुमारे तीन-चतुर्थांश पक्षी ही युक्ती शिकले आणि दार दोन्ही बाजूंनी उघडत असूनही बहुतेकांनी आपल्या थव्याची रीतच धरली. लॅक यांनी पेट्या लावल्या तेव्हा असा प्रश्न कोणाच्या मनातही नव्हता.

अमेरिकेतही विद्यापीठांनी अशी राखीव रानं जपली आहेत. मिनेसोटा विद्यापीठाच्या सीडर क्रीकमध्ये रेमंड लिंडमन या तरुणाने एका छोट्या, पाणथळ तळ्याचा अभ्यास केला. सूर्याची ऊर्जा शेवाळातून किड्यांत, किड्यांतून माशांत कशी जाते, याचा हिशेब मांडणारा त्याचा निबंध आधी नाकारला गेला होता. तो १९४२ साली छापून आला, तेव्हा लिंडमन हयात नव्हता. वय अवघं सव्वीस. त्याच परिसरात १९९४ मध्ये डेव्हिड टिलमन यांनी दीडशेहून अधिक चौकोनी वाफे आखले. काहींत एकच गवत, काहींत सोळा जातींपर्यंत वनस्पती. जास्त जाती असलेले वाफे अधिक पीक देतात, हे या वाफ्यांनी दाखवलं.

कॅलिफोर्नियात कार्मेल खोऱ्यातल्या हेस्टिंग्ज राखीव क्षेत्रात १९६८ पासून एकॉर्न सुतारपक्ष्याची कुटुंबं पाहिली जातात. हे पक्षी झाडाच्या खोडाला हजारो भोकं पाडून त्यांत ओकची फळं ठासून भरतात, कोठारच ते. गटातली मोठी झालेली पिल्लं धाकट्यांना भरवायला मदत करतात. पण एकाच घरट्यात अंडी घालणाऱ्या माद्या एकमेकींची अंडी फोडतात, हेही तिथेच कळलं. दोनचार दिवस पाहुणा म्हणून आलेल्याला यातली फक्त मदत दिसली असती.

सगळ्या वह्यांत भरभराटच लिहिलेली नसते. स्टॅनफर्डच्या जॅस्पर रिजवर पॉल अर्लिक यांनी १९६० मध्ये बे चेकरस्पॉट या फुलपाखराचा अभ्यास सुरू केला. फुलपाखरू पकडायचं, पंखावर खूण करायची, सोडायचं, पुन्हा सापडतं का पाहायचं. एकच वस्ती वाटणारी ही फुलपाखरं खरं तर शेजारी-शेजारी राहणाऱ्या तीन वेगळ्या वस्त्यांची निघाली. एक वाढताना दुसरी घटत होती. उन्हाळ्यात खाद्यवनस्पती वाळायच्या आत सुरवंटाला पुरेसं वाढावं लागतं. पाऊस टोकाचा लहरी झाला तसं ते गणित बिघडत गेलं, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस हे फुलपाखरू त्या टेकडीवरून नाहीसं झालं. संशोधकांनी ज्याला जवळपास चाळीस वर्षं मोजलं, त्याचा शेवटचा आकडाही त्यांनाच लिहावा लागला. ते लिहिताना हात जड झाला नसेल, असं कोण म्हणेल? पण ते फुलपाखरू का गेलं, हे जगाला कळलं ते त्या मोजणीमुळेच.

वाइटमवरही आता सावट आहे. ॲश झाडांना वाळवणारा बुरशीचा रोग २०१२ पासून ब्रिटनमध्ये पसरतो आहे, आणि या रानात ॲश पुष्कळ आहेत. अठरा हेक्टरांच्या एका पट्ट्यात झाडांना क्रमांक दिले आहेत आणि त्यांचे बुंधे टेपने मोजले जातात. कुठलं वाळलं, त्याच्या जागी काय उगवलं, उजेड वाढल्यावर खाली कोणती झुडपं आली, हे सारं त्या क्रमांकांपुढे लिहिलं जाईल. पुढच्या एप्रिलमध्ये फेरीवर जाणारी विद्यार्थिनी अशाच एखाद्या वाळत्या ॲशजवळच्या पेटीपाशी थांबेल, झाकण उचलेल, अंडी मोजेल आणि लॅक यांनी आखलेल्या रकान्यांना जुळेल असा आकडा लिहून पुढच्या पेटीकडे निघेल.