हिवाळ्यातील वर्गात गोकर्णाची वेल

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो. २२ डिसेंबरच्या सुमारास कोल्हापुरात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येते. शाहूपुरीसारख्या पेठेत अंगण नसलेल्या शाळेतही अशा खिडकीशी गोकर्ण लावता येतो.

बी रात्रभर भिजवून, तळाशी छिद्र असलेल्या कुंडीत पेरावे. वेलीस सुतळीचा आधार द्यावा. थंडीत वाढ मंदावते व पाणी कमी लागते. पाने पिवळी दिसताच मुले अधिक पाणी घालतात आणि मुळे कुजतात. म्हणून बोटाने माती चाचपून, ती वर कोरडी असेल तरच पाणी घालण्यास शिकवावे.

निळ्या फुलांच्या अर्कात लिंबू पिळल्यास तो जांभळट-तांबडा, तर खाण्याचा सोडा घातल्यास हिरवट होतो. आम्ल व अल्क यांचा पाठ असा खिडकीतच मिळतो. बिया मात्र मुलांनी तोंडात घालू नयेत.