सात दिवस आणि सात वर्षे

ज्ञानेश्वरीच्या ओव्या ढोबळमानाने नऊ हजार. सप्ताहातल्या पारायणात त्या सात दिवसांत पुऱ्या होतात. म्हणजे रोज जवळपास तेराशे. आठवड्यातून एकदा बसून पंचवीसच ओव्या वाचायच्या ठरवल्या, तर त्याच ग्रंथाला सात वर्षे लागतात. पारायणाचा नाद आणि गाव एकत्र आणण्याची त्याची ताकद निर्विवाद आहे. पण अर्थापाशी थांबायला तिथे उसंत नसते.

हा ग्रंथ मुळात ऐकणाऱ्यांना समोर बसवून रचलेला आहे. छत्रपती संभाजीनगरहून तासा-दीड तासाच्या अंतरावरील नेवाशाला, शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये, तो सांगितला गेला. सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. ज्ञानेश्वर वारंवार श्रोत्यांकडे अवधान मागतात, विषयांतर झाले की त्यांची क्षमाही मागतात. एकट्याने मुकाट्याने वाचताना हा श्रोताच नाहीसा होतो.

चारचौघांत तो परत येतो. ‘नावेक’ शब्द आला की नवख्याला होडी आठवते. अर्थ मात्र ‘क्षणभर’. ‘कोड’ म्हटले की तरुणाला त्वचेवरचे पांढरे डाग दिसतात. एखादी आजी ‘कोडकौतुक’ची आठवण देते आणि आवड, हौस हा जुना अर्थ उलगडतो. शब्दकोशातही तो सापडतो. पण तेराव्या शतकाचा तुकडा आजीच्या बोलण्यात अजून जिवंत आहे, हे कळण्याची गंमत सोबतीनेच येते.

पाठभेदांचेही तसेच. नकला होता होता ग्रंथात अशुद्धे शिरली, म्हणून पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४) त्याची शुद्ध प्रत सिद्ध केली. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये छापलेली प्रत तिच्याहून अनेक ठिकाणी वेगळी आहे. दोघांच्या हाती या दोन परंपरांच्या प्रती असल्या, की फरक कानाला जाणवतो आणि मूळ शब्द कोणता, यावर वाद रंगतो. संशोधनाची सुरुवात अशीच होते. त्याला पदवी लागत नाही.

रीत साधी आहे. एकाने ओवी मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने पुन्हा. आधी आपल्या शब्दांत अर्थ सांगावा, टीप नंतर पाहावी. अडलेली ओवी वहीत टिपून पुढे जावे. पुष्कळदा पुढचाच एखादा दृष्टांत तिचे कुलूप उघडतो. असे वाचत गेलेला माणूस अठराव्या अध्यायाच्या अखेरीस पसायदानापाशी पोहोचतो, तेव्हा शाळेपासून पाठ असलेले ते शब्द त्याला पहिल्यांदा अर्थासकट ऐकू येतात.