तारीख नसलेली रेल्वे पुस्तिका कधीची?

आज बोलूया जुन्या रेल्वे पुस्तिकांबद्दल. मोजकी पानं, मधोमध पिन, बस्स.

ब्रिटनमध्ये ‘मॅग्नेट’सारखी (१९०८ ते १९४०) मुलांची गोष्टींची साप्ताहिकं निघायची. खप वाढवायला अशी साप्ताहिकं अंकासोबत काहीबाही फुकट द्यायची, त्यात रेल्वेवरच्या पुस्तिकाही. तारीख छापलेली असायची अंकावर. अंक रद्दीत गेला की पुस्तिकेची जन्मतारीखही गेली!

आपल्याकडेही तेच. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात अशी सुटी रेल्वे पुस्तिका दिसली, की विक्रेता सांगणार, “ब्रिटिशांच्या काळातली आहे साहेब.” आणि भावही तसाच. अशा वेळी मुखपृष्ठ सोडा, आत वाचा. टाइमस्टॅम्प नसलेला लॉग वाचावा तसं.

डेक्कन क्वीनचा उल्लेख आहे? मग १ जून १९३० च्या फार आधीची नाही, कारण गाडी त्या दिवशी सुरू झाली. ‘मध्य रेल्वे’ छापलंय? ते नाव नोव्हेंबर १९५१ मधलं. त्याआधी पुण्याहून मुंबईला जाणारा मार्ग जीआयपीचा. म्हणजे ब्रिटिश काळ तिथेच बाद. माझा सगळ्यात आवडता पुरावा किमतीचा. ‘नये पैसे’ दिसले की १९५७ ते १९६४ च्या आसपासचा माल. नुसते ‘आणे’ दिसले तर मात्र घाई नको, दशमान पद्धत आल्यावरही लोकांच्या सोयीसाठी आणे छापत होतेच. चालू भाड्यांच्या तक्त्यात तिसरा वर्ग असेल तर १९७४ च्या आधीची, कारण तेव्हा तो वर्ग बंद झाला.

इंग्रजी पुस्तिकेत ‘पूना’ असेल तर बहुधा १९७८ च्या आधीची. मराठीत हा पुरावा कुचकामी. आपण आधीपासून पुणेच म्हणतो ना!

एक लक्षात ठेवा. सगळ्यात नवी गोष्ट कोणती छापलीय, त्यावर भिस्त ठेवायची. जुन्या इंजिनाचं चित्र तर आजच्या पुस्तकातही असतं.

घरी आणल्यावर लॅमिनेशन अजिबात नको, ते पुन्हा सुटत नाही. गंजलेली पिन हळूच काढा, पुस्तिका कोरड्या जागी सपाट ठेवा. आणि वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा, ‘१९५१ नंतर, १९७४ आधी’. विकणाऱ्याने सांगितलेलं साल त्यात घुसवू नका.